आमच्याकडे पूर येत नाही

नमाशा, १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय रुफिना,

तुझं पत्र मिळालं. एलियास खाणीवरून नाताळला घरी येणार म्हणतेस, बरं झालं. वर्षातून एकदा तरी नवरा डोळ्यांना दिसावा. लुर्देसचे पुढचे दात आले का?

आमच्याकडे सध्या हवा अशी आहे की ओट्यावर बसलं तर उठवत नाही. सकाळी टेकड्यांवर धुकं. दुपारी ऊन पडतं, पण अंगाला लागत नाही. संध्याकाळी खांद्यावर एक कापड टाकलं की झालं. मापुतोहून येणारे लोक म्हणतात, दोना आर्मिंदा, तुम्ही स्वर्गात राहता. मी म्हणते, स्वर्गाचं मला ठाऊक नाही, पण इथे नदी उंबऱ्याशी येत नाही, वारा घरावरचे पत्रे नेत नाही, आणि डास आलेच तर पाहुण्यासारखे येऊन जातात. निजण्यापूर्वी मी आणि हे गुडघे टेकतो तेव्हा काही मागतच नाही. फक्त आभार मानतो, की बाबा, एवढ्या मोठ्या जगात तू आम्हाला नेमकं इथे ठेवलंस.

आईबद्दल लिहिलंस ते वाचलं. पावसाळाभर तिला इकडे ठेवून घे म्हणतेस. अगं, मी का नाही म्हणेन? पण विचार कर. इथलं धुकं तिच्या गुडघ्यांना सोसायचं नाही. जन्म सपाट जमिनीवर काढलेला, इथे नळावर जायचं तरी चढ. तिथे तिचा आंबा आहे, बोलायला बरोबरीच्या बायका आहेत. म्हाताऱ्या माणसाला मुळासकट उपटू नये.

मध पाठवते आहे. आईला रोज चमचाभर दे.

तुझी ताई,
आर्मिंदा


शोक्वे, ९ जानेवारी २०००

ताई,

मध पोचला. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हवेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हवा पाकिटात मावली असती तर तीसुद्धा पाठवली असती माझ्या लेकीने. मन मोठं आहे तिचं." मग मधाचं बोट चाटलं आणि हसत बसली. तिचा टोमणा तिच्या गोड बोलण्यात कुठे असतो ते तुला मी सांगायला नको.

आता माझं ऐक. तिचा उजवा पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखा झालाय. धरल्याशिवाय परसात जाता येत नाही. एलियास आला, आठवडाभर झोपला आणि परत गेला. घरात मी, लुर्देस आणि आई. कालवा काठोकाठ भरलाय आणि पाऊस तर अजून नीट सुरूही झालेला नाही. बाजारातली म्हातारी माणसं नदीकडे बघून गप्प होतात, ते मला आवडत नाही.

तू धुक्याचं बोलतेस. ताई, पाणी आलं तर मला एकालाच पाठीवर घेता येईल. पोरीला घेऊ की आईला? तू सांग. तुला तिथे बसून नीट सुचत असेल, हवा चांगली आहे.

मार्च संपेपर्यंतच म्हणतेय मी. पुढे मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन. आंबा कुठे पळून जात नाही.

रुफिना


नमाशा, २३ जानेवारी २०००

प्रिय रुफिना,

तुझ्या पत्रातला तिखटपणा मी मनावर घेत नाही. तू लहान आहेस.

दरवर्षी पाऊस आला की तू अशीच घाबरतेस आणि दरवर्षी काही होत नाही. सत्त्याहत्तरसारखा पूर एकदाच आला. त्या वर्षाबद्दल मी बोलत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून पुढे लिहीत नाही.

खोलीचं म्हणशील तर मागची खोली नुकतीच रंगवून घेतली. मे महिन्यात फातिमामातेच्या यात्रेला लोक येतात, यंदा आमच्या घरी मापुतोच्या यात्रेकरूंची सोय करायचं ह्यांनी कबूल केलंय. शिवाय तुला स्पष्ट सांगते, राग धरू नकोस. आई झाडाखाली पूर्वजांना दारू ओतते. तुमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण हे चर्चच्या मंडळावर आहेत. हे म्हणाले, "तुझी आई माझ्याही आईसारखीच आहे, पण आपल्या अंगणात हे चालणार नाही." आता मी दोघांच्या मध्ये काय करू?

आम्ही इथे सुखात आहोत यात आमची काही करामत नाही, हे मी रोज स्वतःला बजावते. देवाने ज्याला त्याला त्याची जागा दिली आहे. कुणीतरी नदीकाठी राहायलाच हवं, टेकडीवर भात पिकत नाही. तू तुझी जागा आनंदाने स्वीकारलीस तर निम्मी भीती जाईल बघ.

परवा रात्री पाऊस झाला, पण किती शहाण्यासारखा! सकाळी अंगणात एक पान पडलेलं नव्हतं.

तुझी ताई,
आर्मिंदा


शोक्वे, १३ फेब्रुवारी २०००

ताई,

पाणी गल्लीत येऊन गेलं. घोट्याएवढंच होतं. पण रेडिओवर म्हणतात, वरच्या देशांतली धरणं भरली आहेत आणि समुद्रावरून एक वादळ इकडे निघालंय.

हे पत्र जोसियासच्या हाती देतेय. टोमॅटोचा ट्रक घेऊन तो तुमच्या सीमेवर चाललाय. चांगला माणूस आहे, आईला मावशी म्हणतो. परत येऊन तो पुन्हा एक खेप करणार आहे, आणि त्या खेपेला आईला पुढच्या सीटवर बसवून थेट तुझ्या दारात सोडतो म्हणाला. तुझं उत्तर घेऊनच तो तिथून निघेल. जास्त लिहू नकोस. "पाठव" एवढं लिही.

आई म्हणाली, लिही तिला, मी कुणाच्या वाटेत येणार नाही.

रुफिना


नमाशा, १६ फेब्रुवारी २०००

प्रिय रुफिना,

जोसियास इंजिन चालू ठेवून दारात उभा आहे, त्यामुळे घाईत लिहिते.

नको पाठवू. बोआनेजवळ रस्ता वाहून गेला होता, आत्ताच कसाबसा दुरुस्त केलाय. अशा रस्त्यावरून म्हाताऱ्या बाईला ट्रकमधून आदळत आणायचं? वाटेत काही झालं तर तो दोष कुणाचा? तो रस्ता बंद होता तेव्हा इथे दोन-तीन दिवस पाव आला नाही. हे म्हणाले, "आर्मिंदा, ही आपल्या गावाची आपत्ती!" आम्ही दोघं हसलो आणि मग लगेच देवाचे आभार मानले.

ईस्टर होऊ दे, मग बघू. आईसाठी लोकरीची शाल आणि पायाला चोळायचं मलम देतेय. जोसियासला मी जेवू घातलं. त्याला मक्याच्या पिठाचा शिमा आणि कोंबडी वाढली तर जेवला आणि उठताना माझ्याकडे बघितलंही नाही. तुमच्याकडच्या लोकांना रीत कमीच.

तुझी ताई,
आर्मिंदा


नमाशा, १२ मार्च २०००

रुफिना, माझी रुफी,

हे पत्र तुला मिळेल की नाही माहीत नाही. मदतकार्यातल्या एक बाई छावण्यांकडे चालल्या आहेत, त्यांच्या हातात अशी कितीतरी पत्रं आहेत. मी तुझं नाव, आईचं नाव, लुर्देसचं नाव पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

टीव्हीवर रोज दाखवतात. सगळं शोक्वे पाण्याखाली. झाडांवर माणसं, पत्र्यांवर माणसं. एखादी म्हातारी दिसली की मी पडद्याजवळ जाते आणि तोवर चित्र बदलतं. हे म्हणतात, बघू नकोस, तब्येत बिघडेल. मग मी खिडकीशी येते. बाहेर पानही हलत नाही. पेरूला फुलं आली आहेत.

हे लिहू नये, पण बहिणीपासून काय लपवायचं? काल तशी उभी असताना माझ्या तोंडून निघून गेलं, देवा, तुझे उपकार, मी तिथे नाही. मग मला रडू आलं.

चर्चमध्ये आम्ही जुने कपडे गोळा केले. मी माझे दोन चांगले झगे दिले.

एक ओळ लिही. जिवंत आहोत, एवढीच.

तुझी ताई


छावणी, २ एप्रिल २०००

ताई,

जिवंत आहोत.

मी, लुर्देस आणि आई. पाणी पहाटे आलं, गल्लीतून नाही, सगळीकडून एकदम. गिरणीच्या पत्र्यावर चढलो. लुर्देस माझ्या पाठीवर होती. आईला कमरेचं कापड, कापुलाना, काखेखालून बांधून वर ओढलं, खालून शेजारच्या फ्लोराच्या मुलाने ढकललं. मग हेलिकॉप्टर आलं. आता तंबूत आहोत. एकेका तंबूत चार-चार घरं. पाण्यासाठी रांग, पिठासाठी रांग, संडासासाठीही रांगच. घर राहिलं नाही. शेतावर वाळू बसली आहे, आंबा पडला.

आईचा पाय तसाच आहे. जमिनीवर झोपते. दिवसा तंबूच्या दाराशी बसते आणि कुठली गाडी आली की विचारते, आर्मिंदाची आहे का?

इथल्या लोकांनी सांगितलंय, म्हाताऱ्यांना कुणी नातेवाईक न्यायला आले तर लगेच सोडतील. आम्हा दोघींसाठी मी काही मागत नाही. भावोजींना गाडी घेऊन पाठव किंवा तू ये. ईस्टर आलाच आहे.

रुफिना


नमाशा, २० एप्रिल २०००

प्रिय रुफिना,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे धावत फादरकडे गेले. रविवारी आम्ही खास आभाराची प्रार्थना ठेवली. फादरनी वेदीवरून सांगितलं, आपल्या दोना आर्मिंदाच्या आईला देवाने पाण्यातून उचललं, आणि सगळं चर्च उभं राहिलं. गायकवृंदातल्या मुली रडत होत्या. लोक येऊन माझे हात हातात घेत होते. इतका सुंदर दिवस होता, रुफी, खिडक्यांतून असं स्वच्छ ऊन येत होतं, आई तिथे असायला हवी होती असं मला मनापासून वाटलं.

तिला आणायचंच आहे. फक्त थोडं थांबा. तुमच्या छावणीत पटकी सुरू आहे असं ऐकलं. गावात इतकी वर्षं असलं काही आलेलं नाही, आमच्यामुळे आलं तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं? तिथल्या डॉक्टरांकडून तिला तपासून घे. तोवर यात्राही उरकेल. घरात वीस माणसं झोपणार, त्या गर्दीत तिचेच हाल होतील. यात्रा झाली की नक्की.

कपड्यांचं खोकं पाठवलंय. निळा स्वेटर आईला दे.

ईस्टरचे आशीर्वाद.

तुझी ताई,
आर्मिंदा


छावणी, २१ मे २०००

ताई,

यात्रा झाली. वीस माणसं गेली असतील, खोली मोकळी झाली असेल.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, असं लिही: "मी स्वैपाकघरात झोपेन. दारू ओतणार नाही, पूर्वजांना सांगून ठेवेन की थोडे दिवस माझ्याकडून अपेक्षा धरू नका. चर्चमध्ये येईन, मागच्या बाकावर बसेन, गाता येत नाही तर तोंड हलवेन. जावयाला माझा त्रास होणार नाही. खाणं माझं राहिलंच कुठे? फक्त एकदा कोरड्या जमिनीवर निजू दे."

तिला पटकी नाही. तिला काहीही झालेलं नाही. डॉक्टरनी तपासलंय.

ताई, आता नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. धुकं, रंग, रस्ता, पाहुणे, सगळं झालं. यानंतर काय सांगणार आहेस ते ऐकायची मला उत्सुकता आहे.

रुफिना


नमाशा, ४ जून २०००

रुफिना,

सरळ हवं ना? घे.

नाही. मी तिला माझ्या घरात आणणार नाही.

तू पाच वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. मी तेरा वर्षांची होते. सत्त्याहत्तरच्या पुरात आम्ही कालव्याच्या बांधावरून चाललो होतो, पाणी आईच्या छातीपर्यंत. तू तिच्या पाठीवर होतीस आणि माझं मनगट तिच्या हातात होतं. बांध खचला. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि बोटं उघडली. माझा हात सुटला नाही, रुफिना. तिने सोडला. तिची बोटं एकेक करून उघडताना मी पाहिली आहेत. मग तोच हात मागे नेऊन तिने तुला धरलं.

मी निलगिरीच्या एका झाडाला अडकले. माझ्याबरोबर त्या झाडावर साप होते. दुसऱ्या दिवशी एका कोळ्याने होडीत घेतलं. घरी पोचले तर तिने मला शिमा वाढला, बाकी काही बोलली नाही. आणि महिन्याभरात मला इथे आत्याकडे पाठवून दिलं, नको असलेलं भांडं शेजारी द्यावं तसं. माझ्या लग्नाला आली, नाचली, जेवली, गेली.

इथे आले तेव्हा पहिल्या रात्री पाऊस पडत होता आणि मी पलंगाखाली लपले होते. आत्या म्हणाली, बाहेर ये, इथलं पाणी उतारावरून निघून जातं, कुणाकडे येत नाही. त्या रात्रीपासून मी आभार मानते आहे. तुम्ही सगळे हसता त्याला. माझ्याकडे दुसरं होतं काय?

या घरात नदी येत नाही. ती आली की तिच्याबरोबर नदी येईल. तिने ज्या मुलीला धरून ठेवलं, त्या मुलीकडेच तिने राहावं. तिला हे वाचून दाखव. एक शब्दही गाळू नकोस.

आर्मिंदा


छावणी, १८ जून २०००

ताई,

वाचून दाखवू शकत नाही. आई मेली आहे.

आता नाही. फेब्रुवारीत, गिरणीच्या पत्र्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी. तुझं मलम आणि शाल दोन्ही खाली घरात होती, पाण्यात. वर सावली नव्हती. आम्ही ओंजळीने तेच गढूळ पाणी पीत होतो, तिच्या पोटात ते ठरत नव्हतं.

एप्रिलमध्ये तुला पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा खरंच लिहिणार होते. "जिवंत आहोत" एवढं लिहिलं आणि पुढे तिचं नाव आपोआप आलं. खोडणार होते. मग मनात आलं, असू दे. आता तरी ये म्हणते का बघू. आता तरी पाझर फुटतो का बघू. तू ये म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. बहुतेक तुझ्या पायांवर डोकं ठेवून खरं सांगितलं असतं आणि दोघी रडलो असतो.

मे महिन्यातलं पत्र मात्र मी जाणूनबुजून लिहिलं. स्वैपाकघरात झोपेन, मागच्या बाकावर बसेन, हे सगळं माझं. तिच्या तोंडून लिहिताना मला बरं वाटत होतं. तंबूतल्या बायकांना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, हुबेहूब. मेलेल्या बाईला तू दोनदा दारातून परत पाठवलंस, ताई. जिवंत होती तेव्हा तर पाठवलंसच.

बोटं उघडली की नाही, मी सांगू शकत नाही. मी पाठीवर होते आणि डोळे घट्ट मिटले होते. पण आत्याकडे कुणी पाठवलं ते मला माहीत आहे, कारण ते भांडण बाबा मरेपर्यंत उगाळत होते. ते म्हणायचे, तेरा वर्षांची पोर, शेतात दोन हात वाढले असते आणि हिने देऊन टाकली. आईने चूल बंद ठेवली होती. म्हणाली होती, जिथून पाणी दिसत नाही अशा गावाला तिला पाठवा, मग स्वैपाक करते. मला कुणी कुठे पाठवलं नाही. मी नदीकाठीच राहिले.

तुझी ती हवा, तो उतार, शहाण्यासारखा पाऊस, हे तुला देवाने दिलं म्हणून तू इतकी वर्षं गुडघे टेकतेस. ते आईने दिलं होतं. तिला तू मधाची बाटली पाठवलीस.

रुफिना


नमाशा, २ जुलै २०००

रुफिना,

तू जे केलंस ते जनावर करणार नाही.

मी चर्चमध्ये उभी राहिले. सगळ्यांनी माझे हात धरले. लोक अजून विचारतात, आई कशी आहे, कधी आणणार, आणि परवापासून मी त्यांना सांगते आहे की बरी आहे. ह्यांनाही मी सांगितलेलं नाही. तुझं पत्र चुलीत टाकलं. तू मला तिच्याशी भांडायला लावलंस, आणि तोवर तिला मरून तीन महिने झाले होते. मी तिला एवढं लिहिलं. तेवीस वर्षांत कधी बोलले नव्हते ते लिहिलं, आणि ते वाचायला तिथे कुणी नव्हतं. तूच होतीस.

चूल बंद ठेवली होती हे मला कुणी का सांगितलं नाही? एवढी वर्षं एकानेही?

मी तुला माफ करणार नाही, आणि तूही मला करू नकोस. फक्त दोन गोष्टी सांग. मी पाया पडते.

तिला कुठे पुरलंय? मी जाईन. बसने जाईन, कुणाला न सांगता जाईन.

आणि शेवटी तिने माझं नाव घेतलं का?

आर्मिंदा


छावणी, २३ जुलै २०००

ताई,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण पाया पडते म्हणालीस, आणि तू मोठी आहेस.

पुरलेलं नाही. हेलिकॉप्टर आलं तेव्हा मी तिलाही उचला म्हणत होते. वरून दोरीने उतरलेल्या माणसाला आमची भाषा येत नव्हती. त्याने तिच्या गळ्याला हात लावून पाहिला, मान हलवली, आणि लुर्देसला उचललं. जिवंत माणसांनाच जागा होती आणि पलीकडच्या झाडांवर अजून माणसं ओरडत होती. त्याचं चुकलं नाही. मी कमरेचा कापुलाना सोडून आईला पत्र्याच्या तुळईला बांधलं. दोन गाठी मारल्या. पाणी उतरल्यावर फ्लोराच्या मुलाला घेऊन गेले तेव्हा पत्रा होता, तुळई होती, कापुलानाचा एक तुकडाही होता. ती नव्हती. खालच्या अंगाला पुष्कळ माणसं सापडली आणि ती सगळी एका खड्ड्यात ठेवली. त्यांत ती असेल किंवा नसेल. नदी पुढे समुद्राला मिळते. तुला जायचं असेल तर कुठेही जा.

आता दुसरं.

आमच्याबरोबर पत्र्यावर फ्लोरा होती, तिने सहा कोंबड्या बांधून वर आणल्या होत्या. त्या सारख्या आईच्या दुखऱ्या पायावर चढायच्या. आई आणि फ्लोरा पहिल्या दिवसापासून त्यावरून भांडत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा आवाज बसला होता तरी भांडण चालूच होतं. शेवटी ती म्हणाली, "फ्लोरा, ही तांबडी तरी बाजूला घे, मला पाय लांब करू दे." फ्लोराने तांबडी उचलली. आईने पाय लांब केला. मला वाटलं, झोप लागली.

एवढंच. तिने तुझं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही.

घेतलं असं लिहिणं सोपं होतं. तंबूतल्या बायका म्हणाल्याही, लिही गं, बहीण आहे, तिला बरं वाटेल. मी लेखणी उचललीही होती. पण मला माहीत आहे ताई, मी तसं लिहिलं असतं तर तू ते पत्र छातीशी धरून खिडकीशी गेली असतीस, बाहेर पानही हलत नसतं, आणि तू त्याबद्दलसुद्धा देवाचे आभार मानले असतेस.

रुफिना